जपानी ‘मुशी’: भाषेतले आणि किमोनोवरचे कीटक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकताना ‘मुशी’ हा शब्द पहिल्या काही महिन्यांतच भेटतो आणि शब्दकोशात त्यापुढे ‘किडा’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर भागवलं की अर्धे वाक्प्रचार कळत नाहीत आणि किमोनोवरचा चतुर किंवा कोळ्याचं जाळं नुसती नक्षी वाटते. भाषेचे आणि कपड्यांचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र ठेवले आहेत, कारण कापडावरचा कीटक बहुतेक वेळा एखाद्या शब्दातून, आवाजातून किंवा महिन्याच्या नावातून तिथे आलेला असतो. जपानी शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

‘मुशी’ म्हणजे नेमकं काय?

सहा पायांच्या प्राण्याला शास्त्रीय जपानीत ‘कोन्चू’ म्हणतात. ‘मुशी’चा पसारा त्याहून खूप मोठा आहे. कोळी, गोम, गांडूळ, पोटातले जंत ही सगळी मुशी. जुन्या काळी सापही त्यातच मोडायचा, म्हणून जपानमधल्या विषारी सापाचं नाव आजही ‘मामुशी’ आहे. ‘मुशी’चं चित्राक्षर मुळात सापाच्या चित्रावरूनच आलं. हे अक्षर डाव्या बाजूला जोडून साप, बेडूक, शिंपला आणि ऑक्टोपस यांची अक्षरं तयार होतात, आणि इंद्रधनुष्याचंसुद्धा, कारण प्राचीन चीनमध्ये इंद्रधनुष्य म्हणजे आभाळातला सर्पासारखा जीव मानत.

मराठी माणसाला यातलं बरंच आपोआप कळतं. आपला दात ‘किडतो’, जपानी माणसाला ‘मुशिबा’ म्हणजे किड्याचा दात होतो. आपल्याकडे पुस्तकी किडा, तिकडे ‘होन् नो मुशी’. मात्र ‘मिझुमुशी’, शब्दशः पाण्यातला किडा, म्हणजे पायाच्या बोटांमधला बुरशीचा आजार, आपल्या चिखल्या. औषधाच्या दुकानात हा शब्द दिसला तर डासांचं औषध समजून घेऊन येऊ नका.

राग, भूक, अंदाज हे सगळं ‘मुशी’च्या नावावर का?

कारण शेकडो वर्षं जपानी लोक मानत आले की माणसाच्या शरीरात मुशी राहतात आणि त्यांची स्वतःची मर्जी असते. चीनच्या ताओ परंपरेतून ‘सान्शी’ची समजूत आली: शरीरात तीन किडे असतात, आणि दर 60 दिवसांनी येणाऱ्या ‘कोशिन’च्या रात्री माणूस झोपला की ते वर जाऊन त्याची पापं स्वर्गाधिपतीला सांगतात. त्यावर उपाय म्हणून लोक ती रात्र एकत्र बसून जागून काढायचे. वैद्यकातही हीच कल्पना होती. 1568 साली लिहिलेल्या ‘हारिकिकिगाकी’ या सुईचिकित्सेच्या ग्रंथात आजार घडवणाऱ्या 63 मुशींची रंगीत चित्रं आहेत. तो दाझाइफुच्या क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि जरूर पाहावा असा आहे.

हे लक्षात ठेवलं की वाक्प्रचार पाठ करावे लागत नाहीत. वाक्याचा कर्ता ‘मी’ नसून ‘मुशी’ असतो:

- ‘हारा नो मुशी गा ओसामारानाइ’: पोटातला किडा शांत होत नाही, म्हणजे राग उतरत नाही.
- ‘हारा नो मुशी गा नाकु’: पोटातला किडा आवाज करतो. आपल्या पोटात कावळे ओरडतात, तेच हे.
- ‘मुशी नो शिरासे’: किड्याने दिलेली खबर, म्हणजे मनात चुकचुकणारी पाल. बहुतेक वेळा वाईट बातमीची.
- ‘मुशी गा सुकानाइ’: का कोण जाणे, पण तो माणूस आवडत नाही.
- ‘मुशी नो इदोकोरो गा वारुइ’: किडा भलत्या जागी बसलाय, म्हणून आज स्वारी तिरसटली आहे.
- ‘मुशी नो इकी’: किड्याएवढा श्वास, म्हणजे अगदी शेवटची धुगधुगी.

राग माझा नाही, माझ्यातल्या किड्याचा, असं म्हटल्याने समोरच्याचा मान राखला जातो आणि आपली भावनाही पोहोचते. जपानी संभाषणात हे फार उपयोगी पडतं. फक्त ‘मुशी गा इइ’ जपून वापरा. शब्दशः ‘किडा चांगला आहे’ असं दिसलं तरी अर्थ ‘अगदी आपमतलबी’ असा आहे, आणि तोंडावर म्हटलं तर ते लागतं.

‘नाकिमुशी’, ‘योवामुशी’ म्हणणं अपमान आहे का?

नाकिमुशी म्हणजे रडूबाई, योवामुशी म्हणजे भित्रा भागूबाई. लहान मुलांना लाडात चालतं. मोठ्या माणसाला ‘योवामुशी’ म्हणणं हे आव्हान देणं आहे. तान्हं मूल रात्री किंचाळून उठतं, चिडचिड करतं, तेव्हा त्याला ‘कान् नो मुशी’ लागली म्हणतात. काही देवळांत आजही तिच्या बंदोबस्तासाठी ‘मुशिफूजी’चा विधी होतो. मुलीच्या बाबतीत ‘वारुइ मुशी गा त्सुकु’, म्हणजे वाईट किडा लागणे, हा आईवडिलांना न आवडणाऱ्या प्रियकराचा उल्लेख असतो. फळाला कीड लागावी तसा. आजच्या तरुण मुलींसमोर हा वापरू नये, त्यांना तो आवडत नाही आणि ते बरोबरच आहे.

‘मुशी सुरु’ असं ऐकलं. म्हणजे किडे करणे?

नाही. तो वेगळा शब्द आहे, अर्थ दुर्लक्ष करणे. चित्राक्षरं वेगळी आहेत आणि प्रमाण टोकियो उच्चारात स्वरही वेगळा: दुर्लक्षाच्या ‘मुशी’त ‘मु’ उंच आणि ‘शी’ खाली, तर किड्याच्या ‘मुशी’त सूर ‘मु’वर खाली सुरू होऊन ‘शी’वर चढतो.

कीटकांच्या जपानी म्हणी मराठीत कशा सांगाव्यात?

काहींना चपखल जोड्या आहेत. ‘नाकित्त्सुरा नि हाची’, रडक्या तोंडावर मधमाशीचा डंख, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ‘आबुहाची तोराझु’, गोमाशीही नाही आणि मधमाशीही नाही, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. ‘ताडे कू मुशी मो सुकिझुकी’: ताडे हे जिभेला चरचरणाऱ्या पानांचं झुडूप, तेही आवडीने खाणारे किडे असतातच. व्यक्ती तितक्या प्रकृती. मात्र जपानी म्हण बहुतेकदा दुसऱ्याच्या जोडीदाराच्या निवडीवर बोलताना येते, म्हणून लग्नघरात ती उच्चारू नका.

एक म्हण मात्र फसवते. ‘तोन्दे हि नि इरु नात्सु नो मुशी’, म्हणजे उडत येऊन आगीत पडणारा उन्हाळ्यातला किडा. आपल्या कवितेत आणि गझलेत दिव्यावर झेपावणारा पतंग प्रेमात जळणारा असतो. जपानीत त्या किड्याला कौतुक नाही. समोर सापळा असताना आपल्या पायांनी चालत आलेला मूर्ख, एवढाच त्याचा अर्थ, आणि ही म्हण तोंडी असते सापळा लावणाऱ्याच्या. भाषांतरात ‘प्रेमवेडा पतंग’ लिहिलं तर अर्थ उलटा होतो.

‘इस्सुन् नो मुशी नि मो गोबु नो तामाशी’ ही आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. इस्सुन् म्हणजे एक ‘सुन्’, सुमारे 3 सेंटीमीटर. गोबु म्हणजे त्याच्या निम्मं. तीन सेंटीमीटरच्या किड्यातही दीड सेंटीमीटर आत्मा असतो. लहान माणसाचा स्वाभिमान लहान समजू नये, असा अर्थ. ‘लहान जीवातही मोठा आत्मा’ असं भाषांतर करू नका. निम्मं अंग आत्माच आहे, हे माप हाच त्या म्हणीचा कणा आहे.

रोजच्या वापरातल्या आणखी काही: ‘शिरामित्सुबुशी’, एकेक ऊ वेचून चिरडावी तसा कसून शोध, जो बातम्यांत पोलिसांच्या तपासाबद्दल येतो. ‘नोमी नो फूफु’, पिसवांचं जोडपं, म्हणजे नवऱ्यापेक्षा बायको अंगाने मोठी. ‘तोंबोगाएरी’, चतुराची गिरकी: काबुकी नाटकातली कोलांटी, आणि सध्या गेलेल्या पावली परत येण्याचा प्रवास. ‘मुशिकुइ’, कसर लागून पडलेलं भोक: त्यावरून गाळलेल्या जागांच्या प्रश्नालाही हाच शब्द.

बातम्यांत ‘तामामुशी-इरो’चा करार म्हणतात, तो कसला?

तामामुशी हा हिरव्या-तांबड्या धातूसारखा चमकणारा भुंगा. कोन बदलला की त्याचा रंग बदलतो. म्हणून ज्या मसुद्यातून दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ काढता येतो, तो तामामुशी-इरोचा. ‘रंगीबेरंगी करार’ हे भाषांतर साफ चुकीचं.

कापडातही तामामुशी-ओरी आहे: ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. पैठणीतली धूपछाव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, विणीचं तत्त्व तेच आहे. नारा जवळच्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला ‘तामामुशी नो झुशी’ हा लाकडी देव्हारा आहे. सव्वादोन मीटरहून थोडा उंच. त्याच्या जाळीदार धातुपट्ट्यांखाली या भुंग्याचे खरे पंख बसवले होते. बहुतेक आता गळून गेले आहेत.

कपड्यांच्या कपाटात तामामुशी ठेवला की किमोनो वाढतात, अशी जुनी समजूत आहे. मेलेला भुंगा कागदात गुंडाळून खणात ठेवणाऱ्या आज्या जपानमध्ये होऊन गेल्या. हौस म्हणून ठेवायचाच तर आधी पूर्ण वाळवा आणि डबीत बंद करा, नाहीतर त्याला खाणारी कसरच रेशमापर्यंत पोहोचेल.

किमोनोवरचा कीटक वाचायचा कसा?

चार गोष्टी, याच क्रमाने पाहा.

आधी कापड. अस्तराचा किमोनो म्हणजे ‘आवासे’, ऑक्टोबर ते मे. बिनअस्तराचा ‘हितोए’, जून आणि सप्टेंबर. ‘रो’ आणि ‘शा’ ही जाळीदार, आरपार दिसणारी वीण जुलै-ऑगस्टची. रो वर रातकिडा दिसला तर तो भर उन्हाळ्यात नेसण्यासाठीच काढलेला आहे.

मग शेजारची वनस्पती. काजव्यासोबत वाहतं पाणी, वेत किंवा विलो. रातकिड्यासोबत ‘आकिकुसा’, म्हणजे शरदातली रानगवतं आणि रानफुलं: सुसुकी, हागी, किक्यो. फुलपाखरासोबत चेरी असेल तर वसंत, पण शेवंती आणि चेरी दोन्ही असतील तर तो किमोनो कोणत्याही ऋतूत चालावा म्हणून केलेला असतो.

तिसरं, कीटक जिवंत वाटतो की ठशासारखा? गोल चौकटीत बसवलेलं, सममित फुलपाखरू हे बहुधा घराण्याचं चिन्ह किंवा दरबारी नक्षी, आणि तिला ऋतूचं बंधन कमी.

शेवटी, नक्षी आहे कुठे? खांद्यावर आणि बाहीवर असेल तर जगाला दाखवण्यासाठी. पुरुषांच्या हाओरीच्या, म्हणजे किमोनोवर घालायच्या जाकिटाच्या, अस्तरावर कोळ्याचं जाळं असेल तर ती फक्त मालकाची आणि त्याच्या जवळच्यांची गंमत.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. नक्षी ऋतूच्या किंचित आधी नेसायची, दोन ते चार आठवडे. ऋतू सुरू झाला की ती बरोबर, आणि ऋतू संपत आला की शिळी. काजवे मेच्या मध्यापासून, जूनअखेर संपवायचे. जुन्या पंचांगातले पाच-पाच दिवसांचे 72 काळ इथे कामी येतात: साधारण 16 ते 20 मार्च ‘अळीचं फुलपाखरू होतं’, 11 ते 15 जून ‘कुजलेल्या गवताचे काजवे होतात’, 13 ते 17 ऑगस्ट ‘हिगुराशी (सिकाडाची एक जात) गातो’, 18 ते 22 ऑक्टोबर ‘रातकिडा दाराशी येतो’. तारखा वर्षागणिक एखाद्या दिवसाने सरकतात.

चतुर विजयाचं चिन्ह कसा झाला?

आपण त्याला चतुर म्हणतो, जपानी त्याला ‘काचिमुशी’ म्हणजे विजयी किडा म्हणतात. तो पुढेच जातो, मागे हटत नाही, अशी सामुराईंची समजूत. प्रत्यक्षात चतुर एका जागी तरंगतो आणि थोडा मागेही उडतो, पण चिन्हं निरीक्षणाच्या जोरावर टिकत नाहीत. दुसरं कारण जास्त जुनं आहे. ‘कोजिकी’ या प्राचीन इतिहासग्रंथात सम्राट यूर्याकूच्या दंडाला गोमाशी चावते आणि चतुर येऊन तिला उचलून नेतो. जपानचं जुनं नाव ‘आकित्सुशिमा’, आणि ‘आकित्सु’ म्हणजे चतुर. सम्राट जिम्मूने डोंगरावरून पाहिलं तेव्हा भूमी एकमेकांना धरून उडणाऱ्या चतुरांसारखी दिसली, असं ‘निहोन् शोकी’ या दुसऱ्या प्राचीन इतिहासात आहे.

म्हणून शिरस्त्राणांवर चतुर आला. होन्दा तादाकात्सु या सामुराई सेनापतीच्या भाल्याचं नावच ‘तोंबोगिरी’: पात्यावर बसलेल्या चतुराचे दोन तुकडे झाले म्हणून. आज हा वारसा केन्दो या जपानी तलवारबाजीच्या साहित्यावर आणि मुलग्यांच्या युकातावर, म्हणजे उन्हाळी सुती किमोनोवर, दिसतो. परीक्षेला किंवा सामन्याला निघालेल्या मुलाला चतुराची वस्तू देणं अगदी योग्य. अशा वस्तूवर तो बारमाही चालतो. बायकांच्या किमोनोवर मात्र तो उन्हाळा-शरदाचाच, जुलै ते सप्टेंबर. चतुराला बाईपणाचीही एक जुनी बाजू आहे: ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका कवितेत तलम बाह्यांना चतुराच्या पंखांची उपमा दिली आहे.

फुलपाखरू शुभ की चंचल?

दोन्ही. अळी, कोष, पंख या बदलामुळे ते पुनर्जन्माचं. जोडीने उडणारं ते सुखी संसाराचं. लग्नातल्या साकेच्या भांड्यांना कागदाची ‘मेचो-ओचो’, मादी आणि नर फुलपाखरं, बांधण्याची पद्धत आहे. पण ते या फुलावरून त्या फुलावर जातं, म्हणून काही जुन्या घरांतल्या बायका लग्नात एकटं फुलपाखरू टाळतात. जोडी असेल तर कोणी काही म्हणत नाही.

घराण्याचं चिन्ह म्हणून ‘आगेहाचो’ ताइरा वंशाचं. पुढे इकेदा घराण्यानेही फुलपाखरूच घेतलं. हिमेजी किल्ल्याच्या कौलांवर ते आजही दिसतं. पुणेकरांसाठी एक धागा: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलं, ती बाग याच फुलपाखरूवाल्या इकेदांनी वसवली, आणि ती 1700 साली पुरी झाली.

काजव्याला ‘गेन्जी’ आणि ‘हेइके’ अशी नावं का?

बाराव्या शतकात लढलेल्या दोन घराण्यांची ती नावं. मोठा तो गेन्जी-बोतारु, लहान तो हेइके-बोतारु. जिंकलेल्याला मोठा काजवा मिळाला. दोघांच्याही अळ्या पाण्यात वाढतात, म्हणून किमोनोवर काजवा जवळजवळ नेहमी ओढ्यासोबत येतो. गेन्जी काजवे पश्चिम जपानात साधारण दर 2 सेकंदांनी लुकलुकतात, पूर्वेत दर 4 सेकंदांनी. मेअखेर-जूनचा त्यांचा हंगाम भंडारदऱ्याच्या काजव्यांशी जुळतो, पण तिथे काजवा येणाऱ्या पावसाची वर्दी आहे आणि जपानी कवितेत तो देहाबाहेर पडलेला जीव. इझुमी शिकिबू या जुन्या कवयित्रीने किबुनेच्या ओढ्यावरचे काजवे पाहून ते आपलाच भरकटलेला आत्मा असल्याचं लिहिलं.

भाषेत आणखी एक अर्थ आहे, अभ्यासाचा. काजव्यांच्या आणि बर्फाच्या उजेडात वाचणाऱ्या गरीब चिनी विद्वानांवरून ‘केइसेत्सु’ हा शब्द आला. ‘होतारु-झोकु’, काजवा जमात, म्हणजे घरात मनाई म्हणून अंधाऱ्या गॅलरीत सिगारेट ओढणारे नवरे.

सिकाडाच्या रिकाम्या कातेला एवढं महत्त्व का?

सिकाडा म्हणजे ‘सेमी’: भर उन्हाळ्यात झाडावरून कर्कश किरकिरणारा. वर्षानुवर्षं जमिनीत राहतो, बाहेर आल्यावर काही आठवडे जगतो. त्याची कात झाडाला तशीच चिकटून राहते. तिला ‘उत्सुसेमी’ म्हणतात, आणि हा शब्द ‘या जगातला माणूस’ या जुन्या शब्दाशी जुळल्यामुळे क्षणभंगुरतेचं दुसरं नावच झाला. ‘गेन्जी मोनोगातारी’ या जुन्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाचं हेच नाव: नायक खोलीत शिरतो तेव्हा ती स्त्री निसटलेली असते, मागे फक्त तिचं तलम वरचं वस्त्र उरतं. कपडा हीच कात, ही प्रतिमा जपानी वाचक हजार वर्षं विसरलेला नाही.

दरबारी पोशाखात ‘सेमी नो हा’ नावाची रंगांची जोडीही होती, वर सायप्रसच्या सालीचा तपकिरी आणि आत हिरवा. आज सेमी बहुतेक ‘ओबिदोमे’वर, म्हणजे कमरेच्या दोरीत ओवायच्या छोट्या दागिन्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. चहाच्या समारंभाला ओबिदोमे काढून जावं, भांड्याला ओरखडा पडतो.

गाणारे किडे आणि त्यांचे पिंजरे

पाश्चात्त्य शहरात ज्याला कटकट म्हणतील त्या किरकिरीला जपानीत ‘मुशी नो ने’ म्हणतात, आणि हा ‘ने’ वाद्याच्या स्वरालाही वापरतात. सुझुमुशी ‘रीन् रीन्’ करतो, सुझु म्हणजे छोटी घंटा. मात्सुमुशी ‘चिन्चिरोरिन्’. ‘मात्सु’चे अर्थ दोन, पाइन वृक्ष आणि वाट पाहणे, म्हणून विरहाच्या कवितेत हा किडा हमखास येतो. जुनं साहित्य वाचताना एक अडचण: हेइआन काळात, म्हणजे साधारण नवव्या ते बाराव्या शतकांत, या दोघांची नावं उलटी होती, असं अभ्यासक मानतात.

कपड्यांशी सगळ्यांत घट्ट नातं ‘कोरोगी’चं, आपल्या रातकिड्याचं. त्याचा आवाज लोकांनी असा ऐकला: ‘काता सासे, सुसो सासे, त्सुझुरे सासे’. खांदा शिव, काठ शिव, ठिगळं लाव. थंडी येतेय, जुने कपडे काढून नीट करा. एका जातीचं अधिकृत नावच त्सुझुरेसासे-कोरोगी आहे. ‘किरिगिरिसु’ हा नाकतोड्याचा भाईबंद ‘गीइ-च्योन्’ करतो, मागाच्या धोट्यासारखा, म्हणून त्याला पूर्वी ‘हाताओरी’, विणकर, म्हणत. शिवणारा आणि विणणारा, दोन्ही किडे शरदाच्या तोंडावर हजर.

किमोनोवर हे किडे क्वचितच मोठे काढतात. बांबूचा ‘मुशिकागो’, म्हणजे पिंजरा, आणि भोवती गवत, एवढंच. किडा नजरेला दिसत नाही, तो ऐकायचा असतो. हीच त्या नक्षीची खरी खुबी. जुलैपासून सप्टेंबरअखेर चालतो. उकाड्यात शरदाची आठवण करून देणारा गारवा.

कोळ्याचं जाळं अशुभ नाही?

कोळी सकाळी दिसला तर शुभ, रात्री दिसला तर अशुभ, ही घरोघरची समजूत. जाळं मात्र ‘पकडतं’: नशीब, धन, गिऱ्हाईक. त्यामुळे गेइशांच्या आणि रंजनवस्तीच्या जगात ही नक्षी आवडती. ठसठशीत आहे, पण तिला ती पार्श्वभूमी आहे. भाचीच्या पहिल्या फुरिसोदेसाठी, म्हणजे अविवाहित मुलींच्या लांब बाह्यांच्या किमोनोसाठी, आम्ही सुचवणार नाही. पार्टीच्या ओबीवर, म्हणजे कमरपट्ट्यावर, झकास.

गोम, प्रार्थनाकीटक वगैरे?

गोम ‘मुकादे’ ही बिशामोन्तेन् या युद्धदेवाची दूत. ताकेदा या सरदार घराण्याच्या सैन्यातल्या निरोप्यांच्या निशाणावर ती होती. बायकांच्या कपड्यावर शोधू नका. प्रार्थनाकीटक क्योतोच्या गिओन् उत्सवातल्या ‘तोरोयामा’ रथावर आहे, त्याचे पंख आणि पुढचे पाय हलतात. ‘तोरो नो ओनो’ म्हणजे त्याची कुऱ्हाड, रथापुढे उगारलेली, अर्थात ताकदीबाहेरचा प्रतिकार.

आणि ज्याच्यामुळे किमोनो होतो, तो रेशीमकिडा?

‘काइको’ नक्षीत फारसा दिसत नाही, पण मान त्यालाच. रेशीम काढणाऱ्या गावांत त्याला ‘ओकाइको-सामा’ म्हणत, पुढे आदर मागे आदर, आणि मोजायचे ते गाई-घोड्यांसाठीच्या ‘तो’ या शब्दाने, साध्या किड्यांसाठीच्या ‘हिकी’ने नाही. एका किमोनोला सुमारे 37 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटर लांब ठाण लागतं, आणि त्यामागे अडीच ते तीन हजार कोष. मराठवाड्यात तुती लावून जालन्याच्या बाजारात कोष नेणाऱ्याला हा आकडा लगेच समजेल. गुन्मातली तोमिओका गिरणी 1872 ची, ती 2014 पासून जागतिक वारसा आहे. शाही राजवाड्यात सम्राज्ञी स्वतः किडे पाळतात. ही प्रथा 1871 पासूनची, आणि तिथे ‘कोइशिमारु’ हा बारीक धाग्याचा जुना वाण जपला जातो.

कोणत्या प्रसंगाला काय नेसावं?

लग्नाला पाहुणी म्हणून: जोडीचं फुलपाखरू. चतुर, सिकाडा, जाळं घरी ठेवा. लग्नातल्या जवळच्या विवाहित नातेवाइकांच्या काळ्या तोमेसोदेवर, म्हणजे समारंभी किमोनोवर, फुलपाखराखेरीज दुसरा कीटक नको. अंत्यविधीला: मोफुकु, म्हणजे शोकाचा किमोनो, काळा, फक्त घराण्याची चिन्हं, नक्षी अजिबात नाही. युकाताला: ऋतू सांभाळून काहीही. आणि कीटक कोणताही असो, डावी बाजू उजवीवर घ्या. उजवी वर आली की ते प्रेताला नेसवणं होतं, आणि पाहणारे दचकतात.

घरात किमोनो आहे. खऱ्या किड्यांपासून कसा जपायचा?

जपानी लोक वर्षातून तीनदा कपडे वाऱ्यावर टाकतात: जुलैअखेर-ऑगस्टला ‘दोयोबोशी’, ऑक्टोबर-नोव्हेंबरला ‘मुशिबोशी’, जानेवारी-फेब्रुवारीला ‘कान्बोशी’. महाराष्ट्रात पहिला हप्ता सोडा. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो, आणि रेशमाला किड्यांपेक्षा बुरशी जास्त खाते. ऑक्टोबर हीटनंतर आणि जानेवारीत, असं दोनदा करा. कोकणात आणि गोव्यात डिसेंबरच्या आधी घाई करू नका.

दोन-तीन कोरडे दिवस गेले की सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळात तीन-चार तास, सावलीत, खिडकी उघडी असलेल्या खोलीत लांब दांडीवर टांगा. उन्हात रंग उडतो. गळपट्टी आणि खालची कड बोटांनी चाचपा, डाग तिथेच पडतात. तोवर खण कोरड्या फडक्याने पुसून घ्या. घडीचा कागद, ‘तातोशी’, पिवळा पडला असेल तर बदला.

कसर आधी लोकरीला लागते, मग शेजारच्या रेशमाला. म्हणून शाल आणि किमोनो एका खणात नको. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र कधीच ठेवू नका: दोघांची वाफ एकमेकांत मिसळली की दोन्ही पातळ होतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो, तो निघत नाही. दुसरं औषध घालायचं तर आधी पहिलं काढा आणि वास जाईपर्यंत कपडे उघडे ठेवा. वास हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे पुडी कपड्यांच्या वर ठेवायची, खाली नाही. जरीला ती थेट लागता कामा नये.

चतुराची नक्षी असलेलं चामड्याचं पाकीट मिळालं. ते काय आहे?

बहुधा यामानाशीचं ‘कोशू इन्देन्’: हरणाच्या मऊ चामड्यावर उरुशी लाखेने उठावाची नक्षी. पूर्वी हेच चामडं चिलखतात वापरत, म्हणून चतुर. ‘इन्देन्’ हे नाव भारतातून आलेल्या चामड्यावरून पडलं, असं मानतात. ओलं झालं तर घासू नका, टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. लाखेचे ठिपके नखाने खरवडले तर सुटतात, आणि मग चतुराचा पंख तिथे कायमचा अर्धा राहतो.